बारदाना वजा करून

अकोला,
४ फेब्रुवारी २०२५

श्याम,

तू माहा नंबर ब्लॉक केला. केला तं केला. पोस्टमनले कसा ब्लॉक करशीन ते पाहते मी. अपेक्षाच्या मोबाईलवर पाठवता आलं असतं, पण नवरा-बायकोच्या मधात मी शिरली असं तुह्या तोंडून ऐकाची मले हौस नाही.

बावीस वर्षं झाले शाळेत लेखनिक आहे. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहिता लिहिता बोटं झिजले. पण त्या भाषेत तुह्यावर रागावता येत नाही, म्हणून घरात बोलतो तसंच लिहून राहिली. वाच, नाही तं चुलीत घाल. तुह्या घरी चूल नाही, मले माहीत आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दवाखान्याच्या दारात, शेजारच्या फुलवाल्या माणिकबाईच्या देखत तू काय बोलला ते मले पाठ आहे. “तुह्याच्यानं दळणाचा डबा उचलल्या जात नाही अन् बाप सांभाळते म्हणे! एकटीनं उचलून दाखव बाबाले, मंग ठेव. नाही तं अखजीच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन येतो.” ‘अमरावतीले माह्या घरी नेतो’ म्हणला असता तं मी चकार शब्द काढला नसता. तू वृद्धाश्रमाचं नाव घेतलं. माहितीपत्रक तुह्या खिशात होतं, चार घड्या घालेल. बाबा पडून दोनच दिवस झाले होते, श्याम. इतक्या घड्या दोन दिवसात मळत नाहीत.

अकरा जानेवारीचं तुले सांगितलंच आहे. मी बाजारात गेली होती, आली तं बाबा मोरीच्या दारात पडेल. ते पुन्हा उगाळत नाही. मी त्याईले उचलाले गेली अन् उचलल्या गेलं नाही, एवढं खरं. बासष्ट किलोचा माणूस, डावी बाजू लकव्यानं गेलेली. बगलेत हात घालून ओढलं तं ते असे ओरडले का मी हातच सोडून दिले. मंग पाऊण तास त्याईच्या जवळ फरशीवर बसून राहिली, अंगावर चादर टाकून. माणिकबाई फुलं विकून आली, तिनं गल्लीतून दोन माणसं आणले, तवा कुठं बाबा पलंगावर गेले.

तं काल मी जिम लावली.

हास. घे हासून. अपेक्षालेही सांग. अठ्ठेचाळीस वर्षांची पौर्णिमा ताई जठारपेठेत एका कापड दुकानाच्या वर जिना चढून गेली, पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेले बांधून. तिथली शिकवणारी गीतांजली म्हणून आहे, अचलपूरची. पस्तीसची असन. राज्यपातळीवर वजन उचलेल बाई आहे, मान अशी का बैल जुंपावा. मी तिले म्हटलं, मले बारीक व्हाचं नाही, मले माहा बाप उचलाचा आहे. ती हासली नाही. “कधीपर्यंत?” एवढंच म्हणाली. म्हटलं, अखजीपर्यंत. भिंतीवरच्या कॅलेंडरात अक्षय्य तृतीयेवर बोट ठेवून म्हणते, “ओढणी काढा, रॉडमधी अडकीन.”

आठवड्यातून तीन दिवस जाचं. रॉड खांद्यावर घेऊन बैठका, मंग रॉड डोक्यावर ढकलाचा, मंग जमिनीवरून उचलाचा. पाच-पाच वेळा. अन् जमलं का थोडं वजन वाढवाचं. एवढाच कार्यक्रम, अखजीपर्यंत दुसरं काही नाही म्हणाली. मी पहिला रॉड उचलला अन् सवयीनं मोजाले लागली, ‘लाभ, दोन, तीन, चार...’ गीतांजली म्हणते, “ताई, एक कुठं गेला?”

आता तिले काय सांगू? मापाऱ्याच्या घरात एक नसतेच. तेल्हाऱ्याच्या बाजार समितीत पहिलं पोतं काट्यावर चढलं का बाबा ‘लाभ’ म्हणत, मंग दोन. पहिलीत ‘लाभ, दोन, तीन’ म्हणून तू गुरुजीचा मार खाल्ला होता, अन् घरी येऊन बाबावरच रुसला होता. आठवते का?

घरी आली तं बाबानं पहिला प्रश्न विचारला. जीभ अडखळते, पण प्रश्न मापाऱ्याचा. “किती उचललं?”

म्हटलं, नुसता रॉड. दोन्ही बाजूले काहीच नाही लावलं.

“मंग शून्य लिही. रॉड म्हंजे बारदाना. रिकाम्या पोत्याचं वजन मालात धरत नसतेत.”

म्हटलं, बाबा, त्या रिकाम्या रॉडनं माही कंबर बोंबलून राहिली! तं म्हणे, “असन चार-पाच किलोचा. वजा कर.” त्यांच्यापुढं कोण बोलते. लिहिलं शून्य.

अखजी तीस एप्रिलले आहे. मी पाहिलं.

ताई


२३ फेब्रुवारी

श्याम,

तुहं पाकीट आलं. पोस्टमननं दारातूनच दाखवलं तवा मले वाटलं पत्र आहे, अन् मी हात पुसून मंग उघडलं. आत वृद्धाश्रमाचा प्रवेश अर्ज! एक ओळ नाही तुह्या हातची. ‘ताई, कशी आहे’ लिहाले किती शाई लागते बावा?

हातची ओळ नाही म्हटलं, पण आहे. अर्जात तूच भरलं आहे: ‘नाव: पुंजाजी. वय: ७६. कारण: घरी देखभालीस कोणी नसते. पडले त्या वेळी घरी कोणी नव्हते.’ मी तो अर्ज तीनदा वाचला. फाडाले गेली अन् थांबली. मागची बाजू कोरी आहे, त्यावर मी माहे आकडे लिहून राहिली. शून्य, अडीच, पाच, साडेसात. परवा पंधरा झाले. बारदाना वजा करून.

मले बसल्या जाऊन नाही राहिलं. शाळेत खुर्चीत बसते अन् पाय आपोआप हालतात. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, तब्येत बरी आहे ना?” काय सांगू, बरी आहे, फक्त मांड्या इतक्या दुखतात का शाळेच्या जिन्याचा कठडा धरून उतरावं लागते. पण दुखणं परवडलं. हे जे आत चालू आहे, पंधरा झाले, बासष्ट व्हाचे आहेत, सत्तेचाळीस बाकी, दिवस किती बाकी, हे जात नाही. भाजी चिरताना तेच, हजेरीपट लिहिताना तेच.

गीतांजलीनं पहिले दोन आठवडे मले नुसतं रागावलं. मी कापसाचं गठोडं उचलते तशी वाकून उचलत होती, पाठीचं धनुष्य करून. आईसंग तेल्हाऱ्याच्या शिवारात वेचणीले जाची तशीच. ती म्हणते, “ताई, गठोडं डोक्यावर जाते, तुमचे बाबा डोक्यावर जाणार आहेत का?” आता पाठ ताठ ठेवते. रॉड नडगीले चिकटवून ठेवाचा, श्वास पोटात भरून दाबून धराचा. अन् रॉड ओढाचा नाही, जमीन पायानं खाली ढकलाची. हे मले आधी समजतच नव्हतं. मंग एक दिवस समजलं अन् रॉड असा वर आला का मीच घाबरली.

तिथल्या चार बाया आता ‘लाभ, दोन, तीन’ मोजतात. मी घरी येऊन सांगितलं तं बाबा अर्ध्या तोंडानं हासले. त्याईचं अर्धं तोंड हासते अन् अर्धं नाही, हासताना पाहशीन तवा समजन. लकवा झाल्याले दोन वर्षं झाले, त्यात किती वेळा पाहिलं तू त्याईले? मी मोजत नाही. चारदा.

मी जिमले जाते तवा माणिकबाई बाबाजवळ बसते, हार ओवत. तिले सारी गल्ली विचारते, “पोर्णिमाले झालं काय?” ती म्हणते, “गड्यावानी होऊन राह्यली बापा, पण काम गड्याचंच हाय ना.”

अर्जातल्या त्या ओळीबद्दल मले काही म्हणाचं नाही.

ताई


१९ मार्च

श्याम,

आज अक्षर खराब येईन. वजनानं नाही, रागानं.

बाबा उपाशी राहतात, माहीत आहे तुले? मलेही माहीत नव्हतं. मी सकाळी भाकर, तुरीचं वरण, भाजी ठेवून शाळेत जाते. ताट रिकामं सापडते. मले वाटलं बरं जेवून राहिले. आज शाळेतून लवकर सुटली, दोन वाजता घरी आली, तं बाबा खिडकीतून उजव्या हातानं भाकर बाहेर टाकून राहिले होते. खाली गाय उभी! रोजची ठरलेली गाय, वाट पाहत उभी राहते म्हणे.

मी विचारलं, काहून? तं खाली पाहत म्हणले, “माल कमी केला का उचलणारीले सोपं जाते.”

श्याम, मी कडाडली त्याईच्यावर. आजाऱ्यावर ओरडू नये हे मले समजते. पण मी ओरडली. म्हटलं, बाबा, हे माप मारणं आहे! तुमी जलमभर काटा धरला, व्यापारी पायानं तराजू दाबाचे तं तुमी त्याईच्या पायावर काठी मारली, अन् आता स्वतःच्या अंगाचं माप मारून राहिले? त्याईनं नाक पुसलं फक्त. मंग मी भाकर कुस्करली वरणात अन् समोर बसून खाऊ घातली, एकेक घास. अर्ध्यात ते म्हणले, “किती झाले आता?”

म्हटलं, साडेबत्तीस.

“बारदाना?”

वजा करून, म्हटलं.

“बासष्टले टाइम लागन,” म्हणले. मी म्हटलं, तुमी जेवा.

त्याईलेही सारं माहीत आहे, श्याम. तू दवाखान्याच्या दारात बोलला ते आत ऐकू आलं होतं. आपण दोघं समजतो का अंग लुळं पडलं म्हणजे कानही गेले. तेव्हापासून ते दिवस मोजून राहिले अन् मलेच वाटत होतं का मी एकटी मोजते.

परवा अपेक्षाचा फोन आला होता. तुले सांगितलं नसन. म्हणाली, “ते तुमचे पत्र दोनदा वाचतात, मंग कपाटात ठेवतात.” मले इतका राग आला! वाचतो तं उत्तर दे. कपाटात काय लोणचं घालतो का?

मी तुले उत्तर दे म्हणून लिहीत नाही. मी काहून लिहिते तेही आता मले नीट सांगता येत नाही. लिहिलं नाही तं मी खोलीत चकरा मारते, तितकंच.

ताई


१३ एप्रिल

श्याम,

पंचेचाळीसवर अडकली. दोन आठवडे झाले. अकोल्यात चव्वेचाळीस डिग्री ऊन आहे, जिमचा पत्रा तापते, हाताले खडू लावला तरी रॉड घसरते. शुक्रवारी साडेसत्तेचाळीस लावले अन् रॉड जमिनीवरून हाललाच नाही. गीतांजली म्हणाली, होते असं, दोन दिवस झोपा, जास्त खा. तिले काय माहीत. बासष्टले सतरा कमी आहेत अन् अखजीले सतराच दिवस आहेत. रोज एक किलो वाढत नसते.

त्यातून तिनं आणखी एक सांगितलं. माणूस रॉडसारखा सरळ नसते, त्याले कुठंही धरता येत नाही, म्हणून बासष्टच्या वरच जमाले पाहिजे. म्हणजे सतराही नाही, जास्त.

मले जमणार नाही, श्याम. लिहून टाकते. तू जिंकला. गाडी घेऊन ये.

पण तू नेशीन त्याच्या आधी एक गोष्ट तुले माहीत असाले पाहिजे. तुह्या अर्जात लिहिलं आहे ना, पडले त्या वेळी घरी कोणी नव्हते. ते खोटं आहे. मी बाजारात गेली नव्हती. मी घरीच होती.

त्या दिवशी शनिवार. शाळा सकाळची. दुपारपासून बाबानं मले हाका मारल्या: पाणी, उशी, टीव्हीचा आवाज, पुन्हा पाणी, चष्मा, अन् चष्मा तं नाकावरच होता. मी आतल्या खोलीत जाऊन पलंगावर पडली. अंग असं दुखून राहिलं होतं. मंग हाक आली, “पोर्णिमा.” मी ऐकली. साफ ऐकली, श्याम. अन् मी उठली नाही. भिंतीकडे तोंड केलं. मनात म्हटलं, थांबा जरासे, मीही माणूस आहे. पुन्हा हाक आली. तरी नाही उठली. ते आपले आपले उठले, मोरीपर्यंत भिंत धरून गेले, अन् मंग तो आवाज आला.

तुही गाडी आली, तू दवाखान्यात सर्वात आधी विचारलं, “ताई कुठं होती?” माहं तोंड उघडाच्या आत बाबा पलंगावरून म्हणले, “बजारात गेली होती थे.” मी मान हालवली. बस.

चाळीस वर्षं त्या माणसानं काटा धरला. भाऊबंदाच्या पोत्यातही मूठभर इकडचं तिकडे केलं नाही, त्यापायी काकाचं अन् त्याईचं बोलणं बंद झालं. तुले माहीत आहे. त्याईनं आयुष्यात एकच माप खोटं दिलं, अन् ते माह्यासाठी. आता मी रोज त्याईच्या समोर ताट ठेवते अन् ते मले ‘किती झाले’ विचारतात, जसं काही झालंच नाही.

आणखी एक. तू माहितीपत्रक काढलं तवा मी तुह्यावर ओरडली, पण त्याच्या आधी एक क्षणभर मले बरं वाटलं होतं. सुटका होईन असं वाटलं. त्याचीच मले जास्त लाज वाटली, म्हणून मी इतकी ओरडली.

वजन उचलाले मी तुह्यासाठी गेली नाही. त्या हाकेसाठी गेली. पण जमत नाही. तं ये.

पौर्णिमा


२१ एप्रिल

श्याम,

ते पत्र तुले मिळालं असन. मिळालंच. बुधवारी तुह्या नंबरवरून फोन आला. म्हणजे ब्लॉक काढला. मी फोन हातात धरून पाहत राहिली, वाजून वाजून बंद झाला. मंग दोनदा. मी उचलला नाही. काय बोलशीन याची भीती वाटली, खरं सांगते. तू शिव्या दिल्या असत्या तं चाललं असतं. रडला असता तं मी काय केलं असतं?

पण हे पत्र त्याच्यासाठी नाही. आज जे झालं ते ऐक.

आज सोमवार, जिमचा दिवस. मी गीतांजलीले सांगाले गेली का आता येत नाही, तुमची फी देते अन् जाते. ती म्हणाली, काहून? म्हटलं, बासष्टले सतरा कमी आहेत, दहाव्या दिवशी भाऊ येते. ती म्हणाली, “कोणते सतरा?” मी अर्जाचा कागद काढून तिच्या हातात दिला. ती आकड्यांवर बोट फिरवत गेली, शून्य, अडीच, पाच. मंग पुन्हा वर गेली. मंग माह्याकडे पाहिलं.

“ताई, यात रॉड कुठं आहे?”

म्हटलं, रॉड बारदाना. तो वजा.

“कोणी सांगितलं?”

बाबानं, म्हटलं. ते मापारी होते.

ती खालीच बसली, बाकावर. मले वाटलं चक्कर आली. तं ती हासून राहिली होती, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. मंग उभी राहून ओरडली, “अवो ताई, रॉड वीस किलोचा असते! वीस! तुमी पासष्ट उचलून राहिल्या तीन आठवड्यांपासून!”

मले काहीच समजेना. मी म्हटलं, वीस कसा, चार-पाच किलोचा असन. तिनं एक काटा आणून रॉड त्यावर ठेवला. श्याम, मापाऱ्याची पोट्टी मी, काट्यावरचा आकडा डोळ्यानं पाहिला. वीस. अन् तो पहिल्या दिवशी मी शून्य म्हणून लिहिला होता! तिले मी विचारलं, तुमी सांगितलं काहून नाही? ती म्हणते, “मले काय माहीत तुमी वजा करून राहिल्या! आजपर्यंत साऱ्यांनी वाढवूनच सांगितलं आहे.”

घरी धावतच आली. बाबाले सांगितलं. त्याईनं मले आकडा पुन्हा सांगाले लावला. मंग म्हणले, “वीस किलोचा बारदाना? असा बारदाना तं म्या जलमात पाह्यला नाई.” अन् हासाले लागले, हासता हासता ठसका लागला, पाणी पाजावं लागलं. माणिकबाई हार ओवता ओवता दोघांकडे पाहत होती. तिले वाटलं, दोघंही गेले कामातून.

संध्याकाळी मात्र मले पुन्हा चैन पडेना. रॉड पासष्ट उचलणं वेगळं. बाबाले मी अजून हात लावून पाहिला नाही. ते म्हणाले, पाहा उचलून. मी म्हटलं, नाही, पडल्याशिवाय नाही उचलत, खेळ आहे का. खरं म्हणजे भीती. पुन्हा ते ओरडले तं?

ताई


२७ एप्रिल

श्याम,

आज रविवार. सकाळी साडेअकरा वाजता बाबा पडले.

घाबरू नको. लागलं नाही. मी आधी ते लिहिलं, कारण तू ओळी गाळून वाचतो, लहानपणापासून.

मी वरण फोडणीले टाकून राहिली होती. हाक आली, “पोर्णिमा.” एकच. मी गॅस बंद केला नाही, कढई तशीच, पळाली. मोरीच्या दारातच, त्याच जागी. ते उजव्या कुशीवर पडेल, लुगड्याच्या बोळ्यासारखे, अन् माह्याकडे पाहून राहिले. माणिकबाई बाजारात, गल्ली उन्हानं सामसूम. मी कोणालेच हाक मारली नाही.

गीतांजलीनं जिममधी वाळूच्या पोत्यावर जे शिकवलं तेच केलं. हाताले धरून ओढलं नाही. आधी बसतं केलं. प्लास्टिकची खुर्ची मागं आणून भिंतीले टेकवली. मागून दोन्ही हात बगलेतून घालून छातीवर आवळले, त्याईचा उजवा पाय माह्या पायानं अडवला. पाठ ताठ. श्वास पोटात भरला. अन् ओढलं नाही, श्याम, फरशी पायानं खाली ढकलली.

आले. बाबा वर आले! असे आले का माह्या गुडघ्यांनीच मले सांगितलं, येऊन राहिले. ओरडले नाहीत. खुर्चीत ठेवले तं मी त्याईच्या पाठीवर डोकं टेकवून किती वेळ रडली ते मले माहीत नाही. वरण करपलं. सारं घर त्या वासानं भरलं.

नंतर त्याईले सांगितलं का मी श्यामले अकरा जानेवारीचं खरं लिहून पाठवलं. मले वाटलं रागावतील. ते म्हणले, “बरं केलं. मले सारखं टोचून राह्यलं होतं.” मंग म्हणले, “थ्याले बलाव.”

तं बोलावून राहिली. तुहे फोन मी उचलले नाहीत, पण हे फोनवर बोलाचं नाही. अखजीले ये, दुसऱ्या दिवशी नको. गेलेल्या आईच्या नावाची घागर भराची आहे, त्याले पोरगा लागते. पन्हं करीन, आंबे आले आहेत. गाडी आणशीन तं आण, पण जाताना ती रिकामी जाईन. अर्ज मी परत देत नाही, त्याच्या मागं माहे आकडे आहेत.

एकटीनं उचलून दाखव म्हणला होता. उचललं. ते झालं. आता दुसरी गोष्ट ऐक, अन् ही मी ओरडून सांगत नाही. मी अठ्ठेचाळीसची आहे. पुढं बाबा जड होतील, मी हलकी होईन. त्या जानेवारीसारखी एखादी दुपार पुन्हा येईन अन् मले पुन्हा भिंतीकडे तोंड करावं वाटीन. तवा घरात दुसरं कोणीतरी हाक ऐकणारं पाहिजे. मले आता एकटीनं कराचं नाही, श्याम. महिन्यातले दोन रविवार तू इथं राहा. अमरावतीहून दोन तासांचा रस्ता आहे. मी गीतांजलीले तुह्याबद्दल सांगून ठेवलं. ती म्हणाली, पाठवा, नुसत्या रॉडनं सुरू करू. बाबानं विचारलं तं शून्य सांगजो. लाजू नको.

एक राहिलंच. बाबाले उचलताना मी मोजलं नाही. तोंड उघडलं असतं तं पोटातला दम सुटला असता. पण ते फरशीवरून सुटले, माहे पाय सरळ झाले, अन् माह्या कानाजवळ त्या अर्ध्या तोंडानं बाबाच म्हणले, “लाभ.”

दोन तुह्यासाठी ठेवला आहे. येताना सपाट तळाचे जोडे आण.

तुही ताई